सोबतीची पाळी

त्या कुरणात नाकतोडे राहत, आणि ते एक प्रार्थनाकीटक पाळत.

साऱ्या कुरणात दिवसभर पुढचे दोन्ही हात जोडून उभा राहणारा तो एकटाच होता. एवढा नम्र जीव उघड्यावर राहू नये, म्हणून नाकतोड्यांनी त्याच्यासाठी गवताच्या काड्यांचे घर विणले. घर उंच लागे. कात टाकताना तो छताला उलटा लटके, आणि जागा कमी पडली तर त्याचे पाय वाकडे होत. प्रत्येक काती​नंतर तो मोठा होई आणि छत आणखी वर चढवावे लागे. त्यासाठी एक मंडळ होते. पहाटेचे दव गोळा करून भिंतींवर शिंपडण्यासाठी दुसरे मंडळ होते. दोन्ही मंडळांचे अध्यक्ष दौलतआबा होते.

पूर्वी असे दोन कीटक होते. त्यांना एकाच घरात ठेवले, तेव्हा सकाळी एकच उरला. दुसरा वैराग्य येऊन निघून गेला, असे दौलतआबांनी सांगितले. दार बाहेरून बंद होते, हा विषय कोणी काढला नाही.

त्याच्या जेवणावर मात्र कधी चर्चा झाली नाही, कारण तो जेवतच नाही असे सर्वांचे मत होते. कोवळी पाने ठेवली तर तो तोंड लावत नसे. मेलेली माशी ठेवली तर बघतही नसे. तेव्हा एवढीच पद्धत पडली होती, की त्याला एकटे वाटू नये म्हणून दर आठव्या दिवशी एका नाकतोड्याने सोबतीला आत जायचे. गेलेला परत येत नसे. दुसऱ्या दिवशी दाराशी त्याचे पंख सापडत. घरचे ते पंख दारावर लावत आणि शेजारी म्हणत, "रमला हो तुमचा!"

ओढ्यापलीकडच्या दूरच्या माळावर शिकायला गेलेली शर्वरी परत आली, तेव्हा तिला वाढवणारी यमुआत्या आनंदात होती. पुढची पाळी तिची होती.

"बरी वेळेवर आलीस," आत्या म्हणाली. "माझे पंख दारावर नीट लाव. शेजारणीने नवऱ्याचे उलटे लावलेत."

शर्वरीला अशा कीटकांबद्दल शिकलेले सगळे आठवले. ती त्याच दुपारी गवताच्या घरापाशी गेली. त्या दिवशीचा सोबती नुकताच आत गेला होता. काड्यांच्या फटीला डोळा लावून ती बसली. कीटक वारा नसताना पानासारखा हलला. नाकतोड्याने नमस्कारासाठी पाय उचलला, आणि कीटकाचे जोडलेले हात उघडले. त्यांच्या आतल्या बाजूला काटे होते. पंख तेवढे त्याने बाजूला टाकले.

तिने दगडावर चढून सभा बोलावली.

"तो उपाशी नाही. तो आपल्याला खातो. जे हलतं तेच त्याला दिसतं, म्हणून त्याला पानं नकोत. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"कुठून पाहिलंस?" दौलतआबांनी विचारले.

"भिंतीच्या फटीतून."

सभेत कुजबुज झाली. "दुसऱ्याच्या घरात डोकावणं आपल्यात नाही, पोरी," आबा म्हणाले. "तिकडच्या माळावर चालत असेल."

"मग तुम्ही पाहा! कोणीतरी एकदा पाहा!"

"तेच सांगतोय. आम्ही डोकावत नाही."

"आबा, हात जोडणारा खात नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आणि खाणारा हात जोडतो असं तुला कोणी सांगितलं?" मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. आत्याही हसली.

शर्वरी दारोदार फिरली. तिचे म्हणणे कोणालाच पटले नाही, पण आपली पाळी कोणालाच नको होती. तेव्हा तिने मागणी एका ओळीची केली: यापुढे कोणालाही आत पाठवू नये. ओल्या मातीवर सगळ्यांनी मागच्या पायांचे ठसे उमटवले. दवाच्या मंडळाने उमटवले. छताच्या मंडळाने तर दोनदा उमटवले. आत्या शेवटी आली आणि कुरकुरत उमटवून गेली.

आठव्या दिवशी दौलतआबा दगडावर चढले.

"शिकलेली मुलगी आहे, मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "आजपासून कोणीही आत जाणार नाही."

नाकतोड्यांनी पाय पंखांवर घासून असा गजर केला, की शर्वरीला भरून आले. तिने आत्याला मिठी मारली.

मग दोन्ही मंडळे कामाला लागली. त्यांनी गवताच्या घराच्या भिंती सोडवल्या, काड्या खांद्यावर घेतल्या आणि कुरणाच्या कडेकडेने रोवायला सुरुवात केली. नव्या काड्या आणल्या. वरून जाळी ओढली.

"हे काय करताय?" शर्वरी ओरडली.

"तुझंच काम," काड्या वाहणारा दमून म्हणाला. "कोणी आत जायचं नाही म्हणालीस ना? आता तोच आपल्यात राहील. एकटेपणाचा प्रश्नच मिटला."

"अहो, म्हणजे आपण सगळेच आत!"

"आत कुठे?" आबांनी तिला समजावले. "आत म्हणून काही उरलंच नाही. तूच सांग, आता आत कुठंय?"

एक कोपरा अजून उघडा होता. शर्वरीने आत्याला तिकडे ओढले. "उडी मार आत्या. आत्ता. मी आहे मागोमाग."

"आधी त्याचं स्वागत तर होऊ दे. पाळी चुकवली, आता स्वागतही चुकवू? लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली. तेवढ्यात विणणारे तिथे पोचले. शेवटची गाठ त्यांनी आतल्या बाजूने मारली आणि ती घट्ट बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिले.

प्रार्थनाकीटक हात जोडून कुरणाच्या मधोमध आला. स्वागताचा गजर सुरू झाला. सर्वांत पुढे उभा असलेला वादक जोरात वाजवत होता, आणि मधेच त्याचा आवाज थांबला. त्याच्या शेजारचा पाहून थांबला. त्याच्या मागची रांग थांबली. एकेक पाय पंखावर होता तिथेच राहिला, आणि गवताच्या टोकापर्यंत सारे कुरण गप्प झाले.

दोन पंख हळूच खाली पडले. कीटकाने हात पुन्हा जोडले.

"बघितलंस?" दौलतआबा ओठ न हलवता पुटपुटले. "किती शांतता आहे."

यमुआत्याची डोक्यावरची डावी मिशी तेवढी थरथरत होती. कीटकाचे डोके हळूहळू त्या बाजूला वळू लागले. शर्वरीने ती मिशी आपल्या पायाखाली घेतली आणि दाबून धरली.