म्हाताऱ्या लॅपटॉपचं लिनक्स

त्या काळी लॅपटॉप बोलत असत. एका शाळेतला म्हातारा लॅपटॉप चालू होता होताच धापा टाकू लागे, म्हणून त्याला भंगारात काढायचं ठरलं. संगणक शिकवणाऱ्या वत्सलाबाई म्हणाल्या, "थांबा, याची जड प्रणाली काढून हलकं लिनक्स घालून बघते."

लॅपटॉप घाबरला. "बाई, माझी सगळी चमकधमक गेली, तर माझं उरेल काय?"

"काम उरेल की!" बाई म्हणाल्या.

त्याने मन घट्ट करून होकार दिला. लिनक्स आलं, पडदा साधासुधा झाला.

शेजारचा नवा लॅपटॉप हसला. "अगदीच ओकाबोका दिसतोस रे!"

म्हाताऱ्याला ते लागलं, पण उत्तर द्यायला सवड कुठे होती? समोर बसून शाळेतली एक मुलगी, गुलशन, भराभर गोष्ट लिहीत होती, आणि तिने बोट उचलायच्या आत अक्षर पडद्यावर उमटत होतं.