बरणी बोलली तेव्हा

फार पूर्वी समुद्राकाठी एक गाव होतं. गावात माणसं थोडी आणि जांभळाची झाडं फार. जांभळं पिकली की घरोघरी वाइन घालायचे. ती नुसती पिण्यासाठी नव्हे. लग्नाच्या दिवशी चर्चला निघायच्या आधी नवऱ्या मुलाच्या आईने मुलीच्या घरच्या वाइनचा पहिला पेला प्यायचा आणि मगच मुलीने उंबरा ओलांडायचा, असा तिथला रिवाज होता.

वाइनची रीतही ठरलेली. जांभळं हाताने कुस्करायची, साखर-पाणी घालून बरणीत भरायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि रोज लाकडी पळीने ढवळायचं. आतून बुडुक बुडुक आवाज यायचा. बायका म्हणायच्या, "बरणी बोलतेय." तीन-चार आठवड्यांनी आवाज थांबला की म्हणायच्या, "गप्प झाली." मग गाळून परत भरायची आणि सहा महिने हात लावायचा नाही. याला म्हणायचे, "बरणी झोपली." गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

त्या गावात एक विधवा बाई होती. तिला एकच लेक. लेकीचं लग्न ठरलं होतं नाताळानंतर, म्हणून बाईने पहिली जांभळं उतरवून मोठी बरणी घातली. दिवस बरोबर बसत होते.

पण नवरा मुलगा गलबतावरचा. मध्येच निरोप आला, "गलबत नारळी पुनवेनंतर लगेच सुटतंय. मुलगा वर्षभर परत यायचा नाही. लग्न येत्या रविवारीच उरकू."

बाई मटकन खाली बसली. बरणी झोपून जेमतेम महिना झालेला! पळीभर काढून चाखली, तर तोंड असं वाकडं झालं की लेकीला हसू आलं. आईला मात्र रडू आलं, कारण होणारी विहीण कशी आहे ते तिला माहीत होतं. याआधी मुलाचं एक लग्न तिने ऐन वेळी मोडलं होतं. त्या मुलीच्या घरच्यांनी कथलाचे दागिने चांदीचे म्हणून दाखवले होते. "गरिबी चालेल, थाप चालायची नाही," असं म्हणून ती दारातून परत फिरली होती.

शेजारीण आली शहाणपण घेऊन. सगळ्यांच्या शेजारी एक असतेच. म्हणाली, "रडतेस काय गं? दोन मुठी गूळ कोमट पाण्यात विरघळव, ओत बरणीत आणि ठेव चुलीजवळ. उद्या गोड लागेल. विचारलंच तर सांग, गेल्या वर्षीची आहे."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळतंय कसं? बरणी काय तोंड उघडून सांगणार आहे?"

बाईला ते पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. तिने गूळ ओतला. रविवारी सकाळी चाखून पाहिली, तर खरंच गोड! बाईचा जीव भांड्यात पडला. जरा लवकरच पडला.

वऱ्हाड आलं. विहीण ओटीवर पाटावर ताठ बसली. बरणी आणून पुढ्यात ठेवली. लेक लग्नाच्या कपड्यांत दाराआड उभी होती.

विहिणीने विचारलं, "किती दिवसांची?"

"गेल्या वर्षीची," बाई म्हणाली आणि पेला भरून दिला.

विहिणीने पेला ओठांपाशी नेला, तेवढ्यात बरणी म्हणाली, "बुडुक."

कोणीतरी उगाच खोकलं.

"बुडुक बुडुक," बरणी पुन्हा म्हणाली.

आता बरणी बोलते म्हणजे काय, ते तिथे कोणाला समजवायला नको होतं. विहिणीने पेला खाली ठेवला. "कोण बोललं?"

शेजारीण पाठीमागून कुजबुजली, "उंदीर म्हण! माळ्यावर उंदीर झालेत म्हण!"

बाईने दाराकडे पाहिलं. लेकीने चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. बाईला वाटलं, आता उंदीर म्हणावं आणि सुटावं. तोंडापर्यंत आलाही उंदीर. पण तिने तो गिळला.

"विहीणबाई, उंदीर नाही. बरणीच बोलली," ती म्हणाली. "वाइन कच्ची आहे. घालून दोन महिने झालेत. मी काल तिच्यात गूळ ओतला, त्यानेच ती जागी झाली, आणि तुमच्याशी खोटं बोलले. यात माझ्या लेकीचा काही दोष नाही. रागावायचं तर माझ्यावर रागवा."

विहिणीने पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "त्या चांदीवाल्यांना मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा चांदीच म्हणाले. तू दुसऱ्या वेळीच सुधारलीस. जा, घागरीतलं पाणी आण."

"पाणी?"

"हो, पाणी. त्याला मुरावं लागत नाही."

विहीण पेलाभर पाणी प्यायली आणि तिने हाक मारली, "ये गं पोरी, उशीर होतोय!" लेकीने उंबरा ओलांडला. सगळ्या ओटीने एकदम श्वास सोडला. विहिणीने बाईला दंडाला धरून बाजूला नेलं आणि कानात सांगितलं, "गुळाची शिक्षा आहे बरं का. महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

बाईने मोजले. नाताळ आला तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता तरी उघड गं!" बाई म्हणाली, "तू आधी उंदीर पकड."

होळीच्या सुमारास लेक सासूला घेऊन माहेरी आली. बाईने बरणीला कान लावला. बरणी गाढ झोपली होती. पेला भरला तर वाइन काचेसारखी स्वच्छ. विहिणीने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि रिकामा पेला पुढे केला. "अजून दे."

बाईचा जीव भांड्यात पडला. या वेळी तो तिथेच राहिला.

जावयासाठी एक बाटली भरून ठेवली. तो अजून समुद्रावर होता, आणि बाटलीलाही घाई नव्हती.

तात्पर्य: वाइनला सहा महिने द्यावेत. चूक कबूल करायला मात्र दुसऱ्या बुडुकची वाट पाहू नये.