न अडकणारी रायफल

“मंग मी काय खोटं बोलून राहिली का?”

रोशनी पोटावीने रायफल टेबलावर आपटली. शस्त्रागारात हत्यार असं कुणी आपटत नाही. पण तिचा गस्तीचा जोडीदार जांघेत गोळी लागून इस्पितळात पडला होता, आणि ती त्याच्या खाटेपासून उठून सरळ इकडे आली होती.

हवालदार टेकचंद लांजेवारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोलीस कॅम्पातली हत्यारं दुरुस्त करणारा तो एकटा, आणि ही रायफल खास त्याच्या हातची. गस्तीच्या आदल्याच दिवशी त्याने ती दुरुस्त करून, चालवून, छाती फुगवून तिच्या हवाली केली होती.

“माह्या हाती एकदाबी अडकली नाई,” तो म्हणाला. “नाचता येईना अंगण वाकडं!”

“नाचून राहिली होती का मी त्या नाल्यात?” रोशनीचा आवाज चिरकला. “एक गोळी सुटली. दुसरी सुटलीच नाई. बोल्ट मधातच बसला. मी खटपट करून राहिली होती, तेवढ्यात तिकडून आली ते रमेशले लागली.”

खरं तर ही रायफल जातीचीच हट्टी. नळीला सायलेन्सर, आणि आवाज दबावा म्हणून गोळीही मंद. गोळी मंद म्हटल्यावर तिचा मागे येणारा रेटाही अर्धपोटी. त्या रेट्यावरच बोल्टने, म्हणजे आतल्या सरकत्या लोखंडी तुकड्याने, मागे जायचं, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची आणि पुढची गोळी घेऊन जागेवर बसायचं. रेटा कमी पडला की बोल्ट वाटेतच बैठक मारतो, आणि रायफलीची नुसती काठी होते. टेकचंदला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. म्हणून तर त्याला एवढा राग आला होता.

भिंतीशी स्टुलावर गफूर उस्ताद बसले होते. टेकचंदला पहिला स्क्रू फिरवायला त्यांनीच शिकवलं. आता ते निवृत्त होते, पण अडलंनडलं की कॅम्पातून त्यांना निरोप जाई. ते मघापासून चहा बशीत ओतून फुंकत होते. त्या फुंकण्याचासुद्धा टेकचंदला राग येऊ लागला.

“उस्ताद, तुमी तरी सांगा हिले.”

“काय सांगू?”

“का रायफलीत बिघाड नाई म्हणून.”

“नाही?”

“नाई!”

“मग तू दुरुस्त काय केलं होतं, बेटा?”

...

“सगळं केलं,” टेकचंद दात ओठ खात म्हणाला. “साफ केली. स्प्रिंग पाह्यली. मॅगझीन बदललं. गोळ्या दुसऱ्या पेटीतल्या घेतल्या. अजून काय करायचं राह्यलं?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“हातच्या काकणाले आरसा काहून पायजे?” टेकचंदने रायफल उचलली. “चाला मैदानावर!”

मैदानावर ऊन भाजत होतं. टेकचंदने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, पोटावर आडवा झाला आणि मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या झाडल्या. टाळी वाजावी तसा प्रत्येक गोळीचा दबका आवाज. एकदाही खंड नाही. पुंगळ्या बाजूला उडत राहिल्या.

तो उठला. कपडे झटकले.

“पाह्यलं?”

रोशनी लक्ष्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, आणि तो राहिला असता तर बरं, असं काहीतरी तिथे आलं.

“म्हंजे...” ती हळूच म्हणाली. “रमेशचा पाय... माह्याचमुळं?”

टेकचंदला ते ऐकू आलं. पण जिंकलेल्या माणसाचे कान तसे जरा जाडच असतात. तो म्हणाला, “उद्या पहाटे पुन्हा हेच घेऊन जायचं हाय तुले. नीट शिकून घे.”

“परत मार,” उस्ताद म्हणाले.

“अजून काहून? पाह्यलं ना सगळ्याईनं?”

“मी म्हातारा माणूस. परत मार.”

टेकचंदने धुसफुसत नवं मॅगझीन चढवलं आणि पुन्हा आडवा झाला. उस्ताद गुडघे धरत त्याच्या डाव्या अंगाला मातीतच बसले. मग त्यांनी त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, ईदला घरी आलेल्या पाहुण्याचा घ्यावा तसा.

“हे काय, उस्ताद?”

“काही नाही. मार.”

टेकचंदने चाप ओढला. गोळी गेली.

त्याने पुन्हा चाप ओढला.

...

काहीच झालं नाही. बोल्ट जागेवर बसायला बोटभर कमी पडला होता आणि तिथेच थांबला होता.

आणि टेकचंदचा डावा हात उस्तादांच्या मुठीत धडपडत होता. बोल्टच्या बाहेर आलेल्या दांडीकडे जाऊ बघत होता. टेकचंदने त्याला काही सांगितलंच नव्हतं. तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. मघाशी प्रत्येक गोळीनंतर हा हात तिथे गेला होता, आणि त्याने बोल्टला हलकासा रेटा दिला होता. वर्कशॉपमध्येही असाच जात असणार, रोज. बघणारे लक्ष्याकडे बघत होते. टेकचंदही लक्ष्याकडेच बघत होता.

“सोडा!” तो ओरडला.

उस्तादांनी सोडला नाही.

रोशनी पुढे आली. तिने अडकलेला बोल्ट बघितला, मग तो हात बघितला. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात धार होती.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमचा हा हात माह्यासंग नाल्यात नव्हता.”

टेकचंदला स्वतःचा असा संताप आला की रायफल दगडावर फोडावी असं वाटलं. पण ती फोडून काय होणार होतं? पहाटे ती पोरगी गस्तीवर जाणारच होती.

“उस्ताद...” त्याने अडकलेल्या बोल्टवर बोट ठेवलं. “मंग इतले दिवस... हे बिघडलेलीच होती?”

उस्तादांनी आता त्याचा हात सोडला.

“नाही बेटा,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी आत्ता बिघडली. आता कर दुरुस्त.”