रांजण जगवणारे हात

सांगा पाहू, दिवस फिरले की माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? तिजोरीवर म्हणाल, तर अडचणीच्या वेळी तीच आधी रिकामी होते. नातेवाइकांवर म्हणाल, तर आधी ही गोष्ट ऐका.

फार पूर्वी घाटाखालच्या एका पेठेत निळीच्या कापडाचा एक व्यापारी राहत होता. त्याच्या अंगणात मोठमोठे रांजण पुरलेले होते. आता निळीचा रांजण म्हणजे दुभती म्हैसच. त्याला रोज ऊब लागते, गूळ-चुना लागतो, रोज ढवळावं लागतं. दुर्लक्ष झालं की रंग मरतो, आणि मेलेल्या पाण्यात कापड बुडवलं तर ते नुसतं ओलं होतं.

एका वर्षी दरड कोसळून घाट बंद झाला. तांडे येईनात, माल पडून राहिला. व्यापाऱ्याचा मेहुणा म्हणाला, “दाजी, कारागिरांना घरी पाठवा, रांजण झाकून ठेवा. घाट उघडला की बोलावू. माणसांचं काय, दाणे टाकले की कबुतरं येतात.”

शेजारच्या व्यापाऱ्यानं तेच केलं होतं, आणि त्याची तिजोरी शाबूत होती.

आपला व्यापारी मात्र पेचात पडला. माणसं ठेवावीत तर पेढी बुडेल, काढावीत तर रंग मरेल. अखेर त्यानं सगळ्यांना अंगणात बसवलं आणि खरं ते सांगून टाकलं. “विक्री नाही. मजुरी कुठून देऊ, मलाच कळत नाही.”

सगळ्यांत जुनी रंगारीण ठकूआक्का म्हणाली, “शेठ, पेठेतल्या बायकांची लुगडी विटलीत. नवं घ्यायची कुणाची ऐपत नाही. जुनंच रंगवून देऊ. पैसे नसतील त्यांच्याकडून ज्वारी घेऊ.”

मेहुणा हसला. “सरदारांची पागोटी रंगवणारी पेढी आता जुनेरं बुडवणार?”

ते व्यापाऱ्यालाही लागलं. “आक्का, लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे की. अंगावर शोभावं म्हणून कापड रंगवतो ना आपण? का पेटीत ठेवून पूजा करायला?”

व्यापाऱ्याला ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपली घोडी आणि छकडा विकला. त्यातून गूळ-चुना भरला, उरलं ते कारागिरांत वाटलं. पायी बाजारात गेला तेव्हा एका तेल्यानं टोमणा मारला, “शेठ, घोडी दिसत नाही ती?”

“ती पुढं गेली,” व्यापारी म्हणाला. “मी आपला मागून रमतगमत येतोय.”

लुगडी आली, टोपडी आली, पासोड्या आल्या. कुणी श्रीमंत झालं नाही, पण चुली पेटत राहिल्या आणि रांजणांवरचा निळा फेस टिकला.

पुढे घाट उघडला. पहिला तांडा शेजाऱ्याकडे थांबला, कारण त्याचं दुकान वेशीजवळ होतं. त्यानं रांजणांची झाकणं काढली, तर नुसती घाण सुटली. कारागिरांना निरोप धाडले, तर ते परमुलखात रुळले होते. तांडेवाल्याला थांबायला सवड नव्हती. त्यानं बैल आपल्या व्यापाऱ्याच्या दाराकडे वळवले. त्या हंगामात कापड वाळत घालायला अंगण पुरेना. मेहुणासुद्धा बाह्या सारून कापड पिळायला बसला.

एके दिवशी शेजारी घागर घेऊन दारात आला. “विरजणापुरतं जिवंत पाणी द्याल का?”

व्यापाऱ्यानं घागर काठोकाठ भरून दिली. म्हणाला, “पाणी खुशाल न्या. पण ते जगवणारे हात घागरीत मावत नाहीत. आधी ते शोधा, आणि सापडले की पुन्हा घालवू नका.”

तात्पर्य: हात आखडायची वेळ आली तर आपल्या मिजाशीपासून सुरुवात करावी. माणसं आणि कामाचा हेतू टिकला, तर गेलेला धंदा दार शोधत परत येतो.

आणि बाबांनो, माझं एवढं ऐका. हिशेब मांडाल तेव्हा तो प्रामाणिकपणे मांडा. नफा कुणाच्या हातांनी झाला, तेही जमेच्या बाजूला लिहीत चला.