गोमीची सुरळी

फार वर्षांपूर्वी, आपल्या खाडीवर पूल नव्हता नि पलीकडे जायचं तर तरीवाल्या बाबलीला हाका माराव्या लागत, तेव्हाची ही गोष्ट. या बाबलीची बायको चंद्रा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच तिच्या अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले. तोंडातही उठले. घास गिळवेना, बोलवेना.

गाव म्हणाला, देवी आली. दाराला कडुलिंब लागला, घरातली फोडणी बंद झाली, दहीभाताचे नैवेद्य उंबऱ्याबाहेर येऊन पडले. हात जोडायला सगळे, हात लावायला कोणी नाही! महिने सरले, पण ही देवी काही जाईना. तेव्हा गावचे मानकरी असलेले गावकर म्हणाले, "देवी कोपली आसा. हिका शिवेभायर ठेवया."

चंद्राचे कपडे धुणारी गोमी परटीण तिथेच उभी होती. कापडाला चिकटून आलेली कातडी तिने रोज पाहिली होती. ती म्हणाली, "गावकारानू, देवी येता नि जाता. ह्यां दुखणां आसा. हिका हात लावूक होयो." आणि चंद्राला अलगद उचलून ती आपल्या घरी घेऊन गेली.

केळीचं न उलगडलेलं कोवळं पान म्हणजे सुरळी. ती कापून गोमीने उलगडली, खोबरेल लावलं आणि चंद्राला त्यावर निजवलं. कापड चिकटतं, सुरळी चिकटत नाही. रोज नवी सुरळी, रोज गार पेज, आणि रोज सकाळी हात हातात घेऊन एकच विचारणं, "आज खंय दुखता गे?" चंद्रा बोटाने दाखवी.

असं म्हणतात, की गोमीने एक सुरळी कापली की सकाळी तिथे दोन उभ्या असत. असंही म्हणतात, की त्या वर्षी तिच्या एकाही केळीने घड धरला नाही, सगळा जीव पानांतच ओतला. खरं-खोटं त्या केळी जाणोत.

एका सकाळी चंद्राचं बोट उठलंच नाही. गोमीने हात सोडला नाही. मग ओठ हलले, "खंयच नाय." तेव्हा गोमी धाय मोकलून रडली.

चंद्रा बाबलीच्या घरी परतली, पण फोड पुढेही येत राहिले, जात राहिले. दर खेपेला गोमी सुरळी घेऊन जाई. गोमीच्या शेवटच्या दुखण्यात मात्र सुरळी कापून आणली ती चंद्राने.

आता पूल झाला, दवाखाना झाला, औषधं आली. परटांचा घाट ओस पडला, तो पाहिला की जीव हळहळतो. पण आपल्या गावात जेवणावळीसाठी अजूनही कोणी सुरळी कापत नाही. ती गोमीची. कोणी आजारी पडलं की शेजारी ती घेऊन जातात, हात हातात घेतात, "आज खंय दुखता?" म्हणून विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत हात सोडत नाहीत.