चुलीपाशची इंग्रजी

शेवंताबाई निकम पाचवीला इंग्रजी शिकवायच्या, पण धड्यातली गोष्ट आधी अहिराणीत सांगायच्या. पोरं घरी तीच बोलत, म्हणून गोष्ट चटकन डोक्यात शिरायची. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब देवरे यांच्या कानावर हे गेलं आणि बाईंना बोलावणं आलं. टेबलावर राजीनामा टाइप करून तयारच होता.

"बाई, पोरांना साहेब करायचंय की गुराखी?" दादासाहेब कडाडले. "इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा. चुलीपाशची बोली माझ्या शाळेत नको. जमत नसेल, तर इथं सही करा."

अठरा वर्षांची नोकरी होती हो! बाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"करते सही, दादासाहेब. पण नियम सगळ्यांना सारखा लावा. साडेनऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडात परके राजे आले. पुढे दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंचचाच मान. इंग्रजी उरली ती शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी. तिथल्या आयांनी लेकरांशी ती बोलणं सोडलं नाही, म्हणून आज ती तुमच्या टेबलावर आहे. चुलीपाशची भाषा शाळेत नको असेल, तर माझ्याआधी इंग्रजीचा राजीनामा घ्या."

दादासाहेबांची आई जन्मभर अहिराणीच बोलली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी कागद ओढून घेतला, घडी करून खणात टाकला आणि समोरची खुर्ची बाईंकडे सरकवली.

"बठ व माय," ते हळूच म्हणाले. त्या कार्यालयात अहिराणी पहिल्यांदाच ऐकू आली.