आचवणाच्या पाण्यावरचा दवणा

त्या वर्षी श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम वाघेरी गावी, भैरवनाथाच्या देवळामागच्या मळ्यात होता. मळा कोंडाबाई फुलारणीचा. चैत्री पौर्णिमेला देवाला दवणा वाहतात. ती बारीक पानांची सुवासिक रोपे तिच्याच तीन वाफ्यांतून जात. हा मान तिच्या सासरी चार पिढ्यांचा. नवऱ्यामागे तो तिने एकटीने राखला होता.

पौषात मात्र असा गारठा पडला, की पाटातल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरे. दवणा काळा पडून वाळला. माघ गेला, फाल्गुन गेला, तरी थंडी हटेना. पाडव्याला गुढीला बांधायला कडुनिंबाची कोवळी डहाळी कुठे मिळाली नाही.

कोंडाबाईने विचारले, "महाराज, वाफे उपटू का?"

"कशाला? वसंत पायी येतोय. वाट लांबची आहे," महाराज म्हणाले.

महाराज दुपारी बांधावर बसून तिच्या हातची भाकरी खात आणि पहिल्या वाफ्यातच आचवत, हात धुऊन चूळ भरत. देवाच्या दवण्यावर उष्टे पाणी! पण कोंडाबाईने महाराजांना अडवायचे कसे? उरलेल्या दोन वाफ्यांना ती विहिरीचे पाणी घाली.

देवस्थानचे कारभारी रंगराव देशमुख यांनी हे एकदा पाहिले. त्यांच्या बागेतला दवणाही जळाला होता. तो उपटून त्यांनी झेंडू लावला होता.

"कोंडे, दवणा पिकवतेस, की बुवांसाठी मोरी बांधतेस?" सोबतची माणसे हसली. "पौर्णिमेच्या सकाळी दवणा आला नाही, तर मान तुझ्या घरातून गेला म्हणून समज. मी दुसरीकडून मागवतो."

"मालक, सासऱ्यांना काय तोंड दाखवू मी?"

"ते आता कुठे बघायला आहेत?"

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. रंगरावांनी दहा गावांना माणसे धाडली. चतुर्दशीच्या दुपारपर्यंत सगळी रिकाम्या हाताने परतली. वाफ्यातही काळ्या काड्याच होत्या. महाराजांनी नेहमीप्रमाणे भाकरी खाल्ली, हात धुतले, चूळ भरली. मग ओल्या मातीवर तळहात टेकून म्हणाले, "चल बाबा, पोहोच आता. बाई जेवलेली नाही."

पौर्णिमेला दिवस उगवताच कोंडाबाई विळा घेऊन मळ्यात आली. वास आधी आला. पहिला वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर उंच, राखी-हिरव्या दवण्याने भरला होता! शेजारच्या दोन्ही वाफ्यांत एकही अंकुर नव्हता. तिने विळा खाली ठेवून वाफ्याला हात जोडले.

वास देवळापर्यंत गेला, तसे रंगराव धावत आले. तिन्ही वाफे त्यांनी चालत जाऊन पाहिले. एक काडी खुडून हुंगली. पुजारी पायरीवर खोळंबला होता.

"हा... आचवणावर उगवलाय," रंगराव म्हणाले.

"होय मालक. तेवढ्यावरच उगवलाय. देवाला चालेल का, ते तुम्ही सांगा," कोंडाबाई म्हणाली.

महाराज बांधावरून म्हणाले, "चालत नसेल तर राहू द्या. शेळ्या खातील."

रंगरावांनी खुडलेली काडी कपाळाला लावली. मग त्यांनी पागोटे काढून बांधावर ठेवले आणि वाफ्याच्या चिखलात गुडघे टेकून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, चुकलो."

"आमचं काय बिघडलं? बाईंना सांगा."

रंगराव तसेच वळले. "कोंडाबाई, मान तुमचाच. दवणा तुम्ही कापा. टोपली मी घेतो."

त्या सकाळी वाघेरीने आपल्या कारभाऱ्याला उघड्या डोक्यावर दवण्याची टोपली घेऊन, कोंडाबाईच्या मागून देवळाच्या पायऱ्या चढताना पाहिले.